नुसतं चालून भागणार नाही: चाळिशीनंतरच्या मांड्या, रक्तदाब आणि ताट

प्रश्न असा आहे: "वय ४७. ठाण्यात राहतो, नोकरी मुंबईत, दिवसभर खुर्ची. उंची पाच फूट सात इंच, वजन ६९ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१, रक्तदाब १३६/८८. वडिलांना पन्नाशीत मधुमेह, ६६व्या वर्षी पक्षाघात. आई ७४ वर्षांची, वर्षभरात दोनदा पडली. मी रोज सकाळी चाळीस मिनिटं चालतो, चहातली साखर सोडली, बाहेरचं खाणं क्वचित, तंबाखू-दारू नाही. तरीही आकडा दोन वर्षांत ५.८ वरून ६.१ वर गेला. गोळ्या लागू नयेत आणि म्हातारपणी कुणावर भार पडू नये, यासाठी आणखी काय करू?"

चालणं सोडू नका, ते चांगलंच आहे. पण तुमच्या या सगळ्या हिशोबात दोन गोष्टी सुटल्या आहेत. स्नायूंना ताकदीचं काम ही एक, आणि रक्तदाब ही दुसरी. साखरेच्या आकड्याने तुमचं सगळं लक्ष ओढून घेतलं आणि १३६/८८ तुम्ही उंची-वजनासारखं नुसतं नोंदवून टाकलंत. वडिलांना पक्षाघात झालेल्या माणसाने खरं तर तिथेच थबकायला हवं होतं. त्याच्याकडे येतेच, पण आधी स्नायू, कारण तुमचं उत्तर बरंचसं तिथे आहे.

तुमच्याकडे पाहून तुम्हाला कुणी जाड म्हणणार नाही, आणि तिथेच गोम आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साधारण २३.८ येतो. युरोपीय मापाने हे वजन अगदी प्रमाणात. आपल्या लोकांसाठी मात्र रेषा २३ वर आखलेली आहे आणि कमरेची रेषा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटर. ही कंबर पँटच्या नंबरावरून धरायची नाही. पोट सुटलेले पुरुष पँट पोटाखाली नेसतात आणि "माझा नंबर कॉलेजपासून तोच आहे" असं अभिमानाने सांगतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडायचा आणि मग मोजायचं. तुम्ही असं मोजून ९६ सांगत असाल तर ठीक, पँटवरून सांगत असाल तर खरा आकडा बहुधा जास्त निघेल.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण फोटोसकट छापून आलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच मोजतो, पण एकाच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलोच्या आसपास, आपल्या बाळांचं २.७. ही तूट स्नायूंमध्ये आणि पोटातल्या अवयवांमध्ये होती. चरबी त्या मानाने जपली गेली होती. म्हणजे हे नुसतं खुर्चीचं आणि फरसाणाचं पाप नाही. आपल्यापैकी अनेकजण कमी स्नायूंचं भांडवल घेऊनच जन्माला येतात, आणि चाळिशीनंतर तेही दर वर्षी थोडंथोडं झिजायला लागतं.

याचा साखरेशी संबंध थेट आहे. जेवल्यावर रक्तात उतरणारी साखर ठेवायला शरीरात सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. गोदामच लहान आणि तेही भरलेलं असेल, तर माल रस्त्यावर पडून राहणार. चालण्याने हे गोदाम रिकामं होतं, म्हणून चालणं उपयोगाचं. पण चालण्याने ते मोठं होत नाही. चाळीस मिनिटं सपाट रस्त्यावर तुम्ही रोज चालता, त्याची तुमच्या मांड्यांना केव्हाच सवय झाली आहे. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. स्नायू वाढायला किंवा टिकायला त्यांच्यावर थोडा पेलवेल-न-पेलवेल असा भार पडावा लागतो आणि तो हळूहळू वाढवत न्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीसोबत, किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असं स्वच्छ लिहिलं आहे. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, दुसरं कुणी वाचत नाही. दहा हजार पावलांचा आकडा तर १९६५च्या सुमारास जपानमध्ये बाजारात आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. साठीच्या पुढच्या लोकांमध्ये सहा ते आठ हजारांच्या पुढे पावलांचा फायदा फारसा वाढत नाही असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. तेव्हा मनगटावरच्या पट्ट्यात दहा हजार भरावेत म्हणून रात्री हॉलमध्ये येरझाऱ्या घालू नका.

आधी स्वतःला तपासा. हात नसलेली खुर्ची घ्या, हात छातीवर घडी घाला आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पुन्हा बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्टच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी जमल्या तर त्याची ताकद कमी धरतात. तुम्ही ४७चे आहात, वीसच्या घरात तरी जायला हरकत नाही. दुसरी चाचणी आपल्या घरांत आपोआप व्हायची, आता होत नाही. जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात किंवा गुडघा न टेकता उठून पाहा. डायनिंग टेबल आलं, कमोड आला, पूजाही स्टुलावर बसून होऊ लागली, त्यामुळे दिवसात पाच-सात वेळा जमिनीवरून उठण्याचा जो व्यायाम आपल्या आज्यांना फुकट मिळत होता तो गेला. तिसरी, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. ही जमत नाही अशा ५१ ते ७५ वयोगटातल्या लोकांत पुढच्या काही वर्षांतले मृत्यू जास्त आढळले, असा एक अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही. ताकद आणि तोल कुठवर टिकलाय याचा तो अंदाज आहे, इतकंच.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. यासाठी जिम हवीच असं नाही. तुम्हाला जायचं असेल तर खुशाल जा. फक्त पहिल्याच दिवशी पावडरचा डबा गळ्यात मारणारा ट्रेनर असेल तर दुसरी जिम शोधा.

मुख्य व्यायाम बैठकांचा. तालमीतल्यासारख्या खोल बैठका लगेच नकोत. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही. पावलं खांद्यांइतकी फाकलेली, टाचा जमिनीला चिकटलेल्या. मनात तीन मोजत खाली या, बूड खुर्चीला लागलं न लागलं की श्वास सोडत वर या. धपकन बसायचं नाही. खाली येताना स्वतःला आवरणं हीच निम्मी कसरत आहे. अशा आठ ते बारा, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा, असे तीन फेरे. शेवटच्या दोन बैठकांना मांड्या भरून आल्या पाहिजेत. बाराही सहज होऊ लागल्या की ऑफिसची सॅक पुढे छातीशी धरा आणि तिच्यात तूरडाळीची किलोकिलोची दोन पाकिटं टाका. पंधरा दिवसांनी तीन, मग चार. हे वाढवत नेणं ज्यांना कंटाळवाणं वाटतं ते महिन्याभरात जागच्या जागी अडकतात.

हातांसाठी स्वयंपाकाच्या ओट्याला तळवे टेकवून जोर. शरीर टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ ठेवा, छाती ओट्याकडे न्या, परत या. तेही सोपं झालं की पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. पाठीसाठी एक हात पलंगावर टेकून वाका, पाठ सपाट ठेवा आणि दुसऱ्या हाताने तीच सॅक कमरेपर्यंत वर खेचा. पोटऱ्यांसाठी जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करा, कठडा धरून. आणि शेवटी दोन्ही हातांत पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन घरात फेऱ्या मारा. पकडीची ताकद, खांदे, पोटाचे स्नायू सगळं यात येतं. पकडीच्या ताकदीवरून तब्येतीचा अंदाज किती चांगला येतो यावर सतरा देशांत अभ्यास झाला, तो २०१५मध्ये आला. पकडीत दर पाच किलोच्या घटीमागे मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. या सगळ्याला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. आठवड्यातून दोनदा तरी, तीनदा झालं तर उत्तम. त्या दिवशीचं चालणं निम्मं केलंत तरी चालेल.

"सूर्यनमस्कार घातले तर चालत नाही का?" हे हमखास विचारलं जातं. घाला. सांधे मोकळे राहतात, खांदे आणि पाठ काम करतात. पण भार आपल्याच वजनाचा आणि तोही वर्षानुवर्षं तेवढाच, शिवाय मांड्यांना त्यात फारसं जड काम नाही. बैठकांच्या जागी नकोत, जोडीला असू देत. गुडघे झिजतील ही भीती उलटी आहे; मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यांचं दुखणं बहुतेकांचं कमी होतं. मात्र चढ चढताना छातीत दडपण, न पेलणारी धाप किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि जोर लावताना श्वास रोखून धरू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो.

जेवणानंतरच्या चालण्याबद्दल. तुमची चाळीस मिनिटं सकाळी एकाच वेळी होतात आणि उरलेला दिवस लोकलमध्ये आणि खुर्चीत जातो. न्यूझीलंडमध्ये मधुमेहींवर झालेल्या एका अभ्यासात, रोज एकदाच तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर सुमारे २२ टक्क्यांनी. म्हणजे शतपावलीच; फक्त शंभर पावलांवर न थांबता दहा-पंधरा मिनिटं. तुम्ही ठाण्यात घरी पोचून जेवता तोवर साडेनऊ-दहा वाजत असणार, आणि जेवून लगेच झोपणं हाच बहुधा तुमच्या ६.१ मधला मोठा वाटेकरी आहे. सकाळची दहा मिनिटं कापून रात्री लावा. जमलं तर संध्याकाळी सहाला ऑफिसातच डब्यातलं काही पोटभरीचं खा आणि रात्री थोडक्यात उरका.

ताटाकडे वळू. साखर सोडलीत, बरं केलंत, पण साखर सोडलेल्या माणसाच्या ताटात पिष्ट पदार्थ किती आहेत ते पाहा. सकाळी कांदेपोहे. दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर भात-वरण. चार वेळा चहा, सोबत मारी किंवा खारी. रात्री पुन्हा पोळी-भाजी आणि भात. घरचं, साधं, सात्त्विक. यातली प्रथिनं मोजू. पोहे शेंगदाण्यांसकट सहा-सात ग्रॅम, दोन्ही वेळच्या सहा पोळ्या अठरा, वाटीभर पातळ वरण पाच, दोन वेळचा भात सहा, भाज्या चार, चहातलं दूध पाच-सहा. पंचेचाळीसच्या आसपास येतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त गहू-तांदळाचं. तुमच्या वजनाला कमीत कमी ५७ ग्रॅम लागतात आणि बैठका सुरू केल्यावर सत्तरच्या घरात असावेत. साठीनंतर ही गरज कमी होत नाही, वाढते. आपल्याकडे मात्र वय झालं की रात्री भाकरी-दूध किंवा मऊ भात, म्हणजे नेमकं उलटं.

तूट भरून काढायला पावडर लागत नाही. वाटीभर घट्ट उसळ, पातळ रस्सा नव्हे, मटकी, हरभरा किंवा चवळीची, आठ-नऊ ग्रॅम देते. दोन अंडी बारा ग्रॅम. मूठभर भाजलेले शेंगदाणे सात ग्रॅम. वाटीभर घरचं दही पाच-सहा. मासे खात असाल तर बांगडा, तार्ली ही स्वस्त आणि उत्तम. वरणाचं पाणी कमी करा, पोळी एक कमी करा, भात एकाच वेळी ठेवा आणि ती जागा उसळीने भरा. कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळी-भात नंतर असं जेवलं तर साखर कमी उसळते, हेही करून पाहण्यासारखं आहे. पोह्यांच्या जागी आठवड्यातून तीन दिवस मुगाचं धिरडं किंवा अंडी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

गूळ, मध, खजूर, "शुगर-फ्री" लिहिलेली बिस्किटं यांच्यावर मी शब्द वाया घालवत नाही. गूळ साखरच आहे. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याची भाजी खाऊन साखर तपासणारे पेशंट मला दर एकादशीनंतर भेटतात.

आता तो १३६/८८. चाळीस ते सत्तर या वयात ११५/७५ पासून पुढे, वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने वाढला की पक्षाघात आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो, हे २००२मध्ये जगभरातल्या दहा लाखांवर माणसांची माहिती एकत्र करून दाखवलं गेलं. म्हणजे तुमचा "बॉर्डर"वरचा आकडा आत्ताच त्या दुपटीच्या पायरीवर उभा आहे. तुमच्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा सगळ्यांनी मधुमेहाला दोष दिला असेल. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना मात्र वाढलेला दाब जास्त जाचतो.

एकदा मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका. दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा; जाड दंडाला लहान पट्टा लावला तर दाब खोटाच जास्त दिसतो. सकाळी लघवी करून, चहाआधी, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीला सपाट, पायावर पाय नाही. दंड उघडा आणि छातीच्या पातळीला टेबलावर टेकलेला. बोलायचं नाही, फोन बाजूला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, रात्री पुन्हा दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर तो उच्च रक्तदाबच आहे, दवाखान्यात काहीही दिसो.

मिठाचा हिशोब असा करा. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. चार माणसांच्या घरात किलोचा पुडा पन्नास दिवस पुरला पाहिजे. तुमच्याकडे किती दिवसांत संपतो ते पुड्यावर तारीख लिहून पाहा. बहुतेकांकडे महिनाही टिकत नाही. आणि यात पापड, लोणचं, खारी, चिवडा, सुके बोंबील, वडापावसोबतची मिरची धरलेलीच नाही. भाजीतलं मीठ चिमूटभर कमी करण्याआधी ताटात डावीकडे वाढलं जाणारं मीठ आणि लोणचं बंद करा. चीनमधल्या सहाशे खेड्यांत जवळजवळ २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या मिठातला पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइडने बदलला आणि पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. असं कमी सोडियमचं मीठ आपल्याकडे दुकानात मिळतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम वाढून जिवावर बेतू शकतं, तेव्हा आईच्या गोळ्या पाहिल्याशिवाय ते घरात आणू नका.

तुमच्या बायकोला विचारा, तुम्ही घोरता का, आणि घोरताना मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखं होतं का. उत्तर "हो" असेल आणि दिवसा लोकलमध्ये उभ्या-उभ्या डुलकी लागत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडकणं हे न उतरणाऱ्या रक्तदाबाचं आणि साखरेचंही एक दुर्लक्षित कारण आहे. थकव्याच्या नावाखाली ते वर्षानुवर्षं झाकलं जातं.

तंबाखू तुम्ही खात नाही, म्हणून त्यावर थोडक्यात. घरातल्या बायका मिश्री लावतात का ते मात्र विचारा. "तंबाखू खाता का" या प्रश्नाला त्या नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची असते. ओढणाऱ्यांसाठी ब्रिटिश डॉक्टरांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासाचा निष्कर्ष पुरे: तिशीत सोडली तर सुमारे दहा वर्षं परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन.

आई. तुम्ही तिचा उल्लेख ओघात केलात, पण या घरात आत्ता सगळ्यात जास्त धोका तिला आहे. वर्षात दोनदा पडणं म्हणजे "वय झालं" नव्हे. खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळ म्हातारी माणसं पुन्हा पहिल्यासारखी हिंडू-फिरू शकत नाहीत. तिच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करा आणि डॉक्टरांना दाखवा: झोपेच्या, सर्दीच्या, अॅलर्जीच्या, रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या पडायला कारण ठरतात. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्या. उठल्यावर तो धाडकन खाली येत असेल तर पहाटे बाथरूमला जाताना पडणं समजून येईल. मोतीबिंदू पाहा. बी१२ आणि डी जीवनसत्त्व तपासा. हाडांची घनता मोजायला सांगा. ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र टाळू नका. स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगाने २०२४मध्ये टाळता येण्याजोगी जी चौदा कारणं मोजली, त्यांत ऐकू कमी येणं आणि न सुधारलेली कमजोर नजर दोन्ही आहेत. बाथरूमची फरशी कोरडी, संडासाशेजारी भिंतीत पक्का बार, रात्री मंद दिवा, पायघोळ गाऊन बंद. ही कामं एका रविवारी होतात.

आणि बैठका तिलाही. १९९०मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षांच्या माणसांना आठ आठवडे वजनं लावून पायांचा व्यायाम दिला. त्यांची मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पंच्याहत्तरीला टेकलेल्या बाईला "आता काय होणार" म्हणण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी खुर्ची उंच, हवी तर वर उशी, समोर ओटा धरायला, जवळ कुणीतरी उभं. सुरुवातीला पाच उठबशाही पुरे. तिच्या वयाच्या बाईला तीस सेकंदांत दहा जमायला हव्यात. तिथवर पोचायला तीन-चार महिने द्या. पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टला घरी बोलावलंत तर तिचीही भीती जाईल, तुमचीही.

तपासण्यांबाबत माझं मत परखड आहे. शंभर-सव्वाशे चाचण्यांचं पॅकेज सवलतीत मिळतंय म्हणून घेऊ नका. लक्षणं नसताना केलेल्या ट्यूमर मार्करमधून, म्हणजे कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या रक्तचाचण्यांतून, फक्त काळजी आणि पुढची बिलं निघतात. वर्षातून एकदा एचबीए१सी, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारा एक आनुवंशिक कण. तुमच्यासाठी इतकं पुरे. बायकोला गरोदरपणात साखर झाली असेल तर तिलाही दरवर्षी एचबीए१सी करायला सांगा. अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो आणि बाळंतपणानंतर ते सगळे विसरतात.

आता "गोळ्या लागू नयेत" याबद्दल. चेन्नईत ५३१ लोकांवर एक अभ्यास झाला होता, २००६मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. काही न करणाऱ्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आहार-व्यायाम पाळणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना, तोही वजन फारसं न उतरता. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा झाला आणि दोन्ही एकत्र करून जास्तीचं काही मिळालं नाही. दहापैकी चारजणांना सगळं करूनही झालाच, हेही त्यात आलं. तेव्हा आकडा वाढला तर तो तुमच्या शिस्तीचा पराभव समजू नका. पण चीनमधल्या डाचिंग शहरात १९८६ साली सुरू झालेल्या अभ्यासात सहा वर्षांच्या आहार-व्यायामाने मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षं लांबला, आणि तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या गटात हृदयविकाराचे मृत्यूही कमी होते. चार वर्षं उशिरा येणारा मधुमेह डोळ्यांना आणि मूत्रपिंडाला चार वर्षं कमी छळतो. इथे नुसतं लांबवणंही मोलाचं आहे.

तीन महिने बैठका, रात्रीचं चालणं, उसळ आणि मीठ एवढंच सांभाळा, बाकी आहे तसं चालू द्या. मग पुन्हा मोजा: कंबर, तीस सेकंदांतल्या उठबशा, घरच्या रक्तदाबाची सात दिवसांची सरासरी आणि एचबीए१सी. वजन हललं नाही आणि कंबर तीन-चार सेंटिमीटर उतरली, तर काम बरोबर चाललंय. एचबीए१सी ६.१ च्या खाली आलं किंवा तिथेच थांबलं तर हाच क्रम पुढे न्या, ६.४ कडे सरकलं तर मेटफॉर्मिनबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. रक्तदाबाची सरासरी तेव्हाही १३५/८५ किंवा वर राहिली, तर पुढची वेळ मागून घेऊ नका, गोळी सुरू करा. आणि ती सुरू झाल्यावर "आता नॉर्मल आलाय" म्हणून मनाने बंद करू नका. तो नॉर्मल गोळीमुळे आलेला असतो.